पडदा पडल्यावर मुलाशी कोण बोलणार?

वर्धा जिल्ह्यातील आष्टी या गावाच्या नावापुढे आज 'शहीद' हा शब्द लावला जातो. १६ ऑगस्ट १९४२ रोजी, ऐन नागपंचमीच्या दिवशी, तिरंगा फडकवण्यासाठी गावकरी तेथील पोलीस ठाण्यावर चालून गेले. गोळीबार झाला, माणसे धारातीर्थी पडली आणि संतप्त जमावाने ठाणे पेटवले. त्याच दिवशी चिमूरही उठले. तेथे गोळीला बळी पडलेला बालाजी रायपूरकर हा कोवळ्या वयाचा पोर होता. हा इतिहास सर्वपरिचित आहे. त्यातील एका गोष्टीकडे मात्र पुरेसे लक्ष गेलेले नाही. या उठावाचे मूळ शोधणाऱ्या इंग्रज सरकारचा हात एका भजन म्हणणाऱ्या साधूच्या खांद्यावर पडला. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांना त्याच महिन्यात अटक झाली आणि नागपूर व रायपूरच्या तुरुंगात ठेवण्यात आले. महाराजांजवळ हत्यार म्हणावे असे काय होते? एक खंजिरी, पहाडी आवाज आणि समोर मांडी घालून बसलेला हजारोंचा समुदाय.

भजन हाही एक प्रयोगच असतो. सादर करणारा असतो, समोर प्रेक्षक असतात आणि त्या दोघांच्या मध्ये काहीतरी घडते. ते घरी जाऊनही संपत नाही, हे परक्या सरकारला नेमके कळले होते. आपल्याकडील काही नाट्यसमीक्षकांना ते अजून कळायचे आहे. "कला ही कला असते, तिच्या परिणामाचा हिशेब मागू नका" हे त्यांचे पालुपद आहे. विषय पौगंडावस्थेतील मुलामुलींचा असला की या पालुपदाला अधिकच जोर चढतो. दुसऱ्या बाजूला आपल्यापैकी काही मंडळी आहेत. नाटकाचे नाव ऐकताच, ते न पाहताच, "बंद करा" अशी त्यांची आरोळी असते. वरवर पाहता हे दोन पक्ष एकमेकांचे कट्टर विरोधक दिसतात. वस्तुतः दोघांचा आळस एकच आहे. पडदा पडल्यानंतर त्या मुलाशी बोलायचे कोणी, या प्रश्नाला दोघेही बगल देतात.

शारदेने काय केले?

वयात येणाऱ्या मुलांचे दुःख मराठी रंगभूमीवर अलीकडेच अवतरले, असा एक समज पसरवला गेला आहे. जणू त्याआधीच्या शंभर वर्षांत मराठी माणूस केवळ पौराणिक पदे आळवीत बसला होता! गोविंद बल्लाळ देवलांचे 'संगीत शारदा' १८९९ साली किर्लोस्कर नाटक मंडळीने रंगभूमीवर आणले. त्याची नायिका कोण होती? नुकती वयात आलेली एक मुलगी. पैशाच्या लोभाने पंचाहत्तरीच्या भुजंगनाथाला तिला विकायला निघालेला कांचनभट हा तिचा जन्मदाता बाप होता. भद्रेश्वर दीक्षित हा दलाल होता, तळमळणारी पण हतबल आई होती आणि जीव द्यायला निघालेली शारदा होती. पौगंडावस्थेतील घुसमट याहून उघडपणे कोणी मांडली आहे?

त्या काळाचे वातावरण ध्यानात घेतले पाहिजे. १८९१च्या संमतिवयाच्या कायद्याने मुलीच्या संमतीचे वय दहावरून बारावर नेले, तेव्हा महाराष्ट्र दुभंगला होता. परक्या सरकारने आमच्या घरात कायद्याने शिरू नये, ही लोकमान्यांची भूमिका होती. त्यामागचे स्वाभिमानाचे कारण समजण्यासारखे होते. परंतु घरातील मुलीचे अश्रू त्या वादात कोणी पुसले नाहीत, हेही तितकेच खरे. ते काम आठ वर्षांनी एका नाटककाराने केले. देवलांनी इंग्रज न्यायाधीशाला मंचावर आणले नाही आणि धर्मालाही शिव्या घातल्या नाहीत. त्यांनी बोट ठेवले ते नेमक्या पापावर, म्हणजे बापाच्या लोभावर, म्हाताऱ्याच्या वासनेवर आणि दलालाच्या दलालीवर. सुटका आणली तीही समाजाच्या आतूनच. सगोत्र विवाहाचा शास्त्रार्थ काढून लग्न थांबवणारा कोदंड हा याच मातीतला तरुण आहे आणि अखेरीस मार्ग दाखवणारे पीठ शंकराचार्यांचे आहे.

म्हणूनच या नाटकाचा परिणाम खोलवर झाला. सनातनी घरातील आजीने ते पाहिले, डोळ्यांना पदर लावला आणि तिला आपला धर्म बुडाल्यासारखे वाटले नाही. उलट धर्म म्हणजे काय, हे तिला नव्याने कळले. पुढे १९२९ साली बालविवाहाला आळा घालणारा कायदा झाला. तो मांडणारे अजमेरचे हरबिलास सारडा हे आर्यसमाजी होते, हिंदू संस्कृतीच्या श्रेष्ठत्वावर ग्रंथ लिहिणारे गृहस्थ होते. त्यांच्या आडनावावरून तो 'सारडा कायदा' झाला. मराठी माणसाच्या तोंडी मात्र 'शारदा कायदा' असेच रूप रुळले. हा उच्चाराचा योगायोग असेल, पण मोठा बोलका योगायोग आहे. समाजसुधारणा म्हणजे हिंदुत्वाचा द्रोह, असे मानणाऱ्यांनी आणि हिंदू म्हणजे सुधारणेचा शत्रू, असे मानणाऱ्यांनी, दोघांनीही हे प्रकरण पुन्हा एकदा वाचावे.

वर्ध्याशीही या कथेचा धागा जुळतो. 'शारदा' रंगभूमीवर आल्यानंतर सहा वर्षांनी नागपूरच्या दाते कुटुंबात जन्मलेली कमल वयाच्या चौदाव्या वर्षी लग्न होऊन वर्ध्याच्या केळकर वकिलांच्या घरी आली. ते बिजवर होते, पदरी दोन मुली होत्या. सत्ताविसाव्या वर्षी तिला वैधव्य आले. त्याच लक्ष्मीबाई केळकरांनी २५ ऑक्टोबर १९३६ रोजी, विजयादशमीला, वर्ध्यातच राष्ट्र सेविका समितीची स्थापना केली. त्या वयातील लग्न योग्य होते, असे याचा अर्थ कोणी काढू नये. तेव्हाही ते अन्यायाचेच होते. परंतु सोसणाऱ्या मुलीची कथा रडण्यापाशीच संपत नाही, हे मावशींच्या चरित्राने सिद्ध केले. मराठी रंगभूमीने शारदेला अजरामर केले. वर्ध्याच्या या चौदा वर्षांच्या सुनेवरचे तितके गाजलेले नाटक अजून यायचे आहे.

उसना साचा

मग आजची नाटके वेगळी का वाटतात? कारण त्यांच्यापैकी अनेकांचा साचा दुसरीकडचा आहे. जर्मन नाटककार फ्रांक वेडेकिंड याने १८९१ साली 'वसंताची जाग' या अर्थाच्या नावाचे नाटक प्रसिद्ध केले. ते रंगभूमीवर यायला १९०६ साल उजाडले. न्यूयॉर्कमध्ये १९१७ साली त्याचा प्रयोग होऊ द्यावा की नाही, यावरून प्रकरण न्यायालयात गेले. पुढे २००६ साली त्याच न्यूयॉर्कमध्ये ते संगीतिकेच्या रूपात ब्रॉडवेवर आले आणि २००७ साली त्याला आठ टोनी पुरस्कार मिळाले. या नाटकातील मुले निरागस आहेत, सोसणारी आहेत. मोठी माणसे मात्र बहुतेक सारी मूर्ख, ढोंगी वा क्रूर आहेत. शिक्षक तर निव्वळ व्यंगचित्रे आहेत. एक मुलगा जीव देतो, एक मुलगी आईच्या मौनापायी आणि अघोरी उपचारापायी प्राणास मुकते.

वेडेकिंडच्या काळच्या जर्मनीत शाळा हीच छळछावणी झाली असेल, तर त्याने लिहिले ते त्याच्या समाजाचे सत्य असेल. त्याच्या प्रामाणिकपणाविषयी शंका घेण्याचे कारण नाही. आक्षेप आहे तो त्या साच्याच्या आंधळ्या नकलेला. घर म्हणजे तुरुंग, आईबाप म्हणजे जेलर, शिक्षक म्हणजे विदूषक आणि मूल म्हणजे बंडखोर. हे चार ठोकळे मांडले की आमच्या महानगरांतील काही मंडळींना 'धाडसी' नाटक तयार झाल्यासारखे वाटते. टाळ्या पडतात, परीक्षणे येतात, पारितोषिके मिळतात. प्रेक्षागृहातून घरी परतणाऱ्या पंधरा वर्षांच्या मुलाच्या हाती काय उरते? आपले घर आपले शत्रू आहे, ही भावना! त्या रात्री त्याला काही विचारायचे झाले, तर तो कोणाला विचारणार? खिशातल्या मोबाईलला. तेथील उत्तर देणाऱ्याला ना लाज आहे, ना माया.

चाळीतले काका

मराठीतील गाजलेले उदाहरण घ्यावे. अंबर हडप यांच्या 'बी.पी.' या एकांकिकेवरून रवी जाधव यांनी 'बालक-पालक' हा चित्रपट केला. तो जानेवारी २०१३मध्ये प्रदर्शित झाला आणि घरोघरी त्याची चर्चा झाली. कथा मुंबईच्या चाळीतील आहे. शेजारची ताई एकाएकी घर सोडते, मोठी माणसे कुजबुजतात, तिने 'शेण खाल्ले' म्हणतात. शेण खाणे म्हणजे काय, हे कोणीच सांगत नाही. मग मुले स्वतःच शोध घेऊ लागतात आणि पुस्तकांपासून चोरून आणलेल्या व्हिडिओ कॅसेटपर्यंत पोहोचतात.

या कृतीवर आपल्या वर्तुळातून नाके मुरडली गेली, हे मान्य केले पाहिजे. विषयाचे नाव काढणेच असभ्य, असा तो सूर होता. तो सूर चुकीचा होता. कुजबुज हे संस्काराचे लक्षण मुळीच नव्हे, ते भित्रेपणाचे लक्षण आहे. ज्या परंपरेने ब्रह्मचर्याश्रम ही आयुष्याची स्वतंत्र अवस्था मानली आणि काम हा चार पुरुषार्थांपैकी एक म्हणून नोंदवला, तिच्या वारसांनी या विषयावर गप्प बसणे हा परंपरेचा अपमान आहे.

परंतु वाहवा करणाऱ्यांनीही एक गोष्ट सोयीस्करपणे नजरेआड केली. त्या मुलांची गाठ अखेर कशाने सुटते? कॅसेटने तर नाहीच. चाळीतल्या कदमकाकांनी त्यांना जवळ बसवून, न मारता, न ओरडता, समजावून सांगितल्याने सुटते. म्हणजे ज्या कथेला घराविरुद्धचे बंड म्हणून मिरवले गेले, ती उभी आहे एका शेजारच्या वडीलधाऱ्याच्या आधारावर! कदमकाका कथेतून काढून टाकले, तर मागे उरतात चार भेदरलेली मुले आणि एक कॅसेट. प्रेक्षकांनी पूर्वार्धातील हशा घरी नेला आणि काकांना प्रेक्षागृहातच सोडून दिले. दोष लेखकाचा किती आणि पाहणाऱ्याचा किती, हे ज्याचे त्याने ठरवावे.

खरी शोकांतिका पुढेच आहे. ती चाळ आता उरलेली नाही. शेजारच्या मुलाला हटकण्याचा अधिकार असलेले काका बंद दारांच्या सदनिकेत राहायला गेले. "आमच्या मुलाला बोलणारे तुम्ही कोण?" असे विचारणारे पालकही आपणच आहोत. व्यक्तिस्वातंत्र्याच्या नावाने काकांना हद्दपार करायचे आणि मग मुले एकाकी झाली म्हणून नाटके लिहायची, हा दांभिकपणा कुठवर चालणार?

ज्या घरांवर नाटक झाले नाही

मिलिंद बोकील यांची 'शाळा' ही कादंबरी २००४ साली आली. 'गमभन' या नावाने ती रंगभूमीवर गेली आणि पुढे २०१२ साली चित्रपट म्हणून लोकांसमोर आली. नववीतल्या मुलाचे मन तिच्यात हळुवारपणे टिपले आहे. पार्श्वभूमी आहे आणीबाणीची. तिचे कौतुक करताना अनेकांनी देशातील आणीबाणी आणि घरातील व शाळेतील शिस्त यांची सांगड घातली. ही सांगड ऐकायला चटकदार आहे, पण आणीबाणी भोगलेल्या घरांना ती बोचल्यावाचून राहत नाही.

२५ जून १९७५ नंतर महाराष्ट्रातील कितीतरी घरांतून कर्ता पुरुष उचलून नेला गेला. कोणी येरवड्यात होता, कोणी नाशिकरोडला, कोणी नागपूरला. त्या घरांतही तेरा-चौदा वर्षांची मुले होती. त्यांची पौगंडावस्था तुरुंगाच्या भेटीच्या दिवशी रांगेत उभी राहून गेली. आई शिकवण्या घेत होती, नातेवाईक दार चुकवत होते, शाळेत काही जण मुद्दाम लांब बसत होते. ती मुले बिघडली नाहीत, कारण घर तुरुंग नव्हते. तुरुंग बाहेर होता आणि घर हा त्याविरुद्धचा एकमेव आडोसा होता. संघाचा कोणी कार्यकर्ता रात्री गुपचूप धान्याची पिशवी ठेवून जात असे आणि मुलाच्या डोक्यावरून हात फिरवीत असे. हेही वयात येणेच होते. मराठी रंगभूमीला त्यात नाट्य दिसले नाही. आणि आपल्यालाही ते लिहावेसे वाटले नाही, हा दोष आपल्याच पदरात घेतला पाहिजे.

आष्टीच्या मुलाची गोष्ट

पुन्हा आष्टीकडे वळावे. कापूस, सोयाबीन आणि संत्र्यांचा हा मुलूख. महानगरातील गाजणारे नाटक नागपूर-अमरावतीपर्यंत येते, आष्टीसारख्या तालुक्याच्या गावी सहसा पोहोचत नाही. पोहोचले तरी त्यातील मुलाचे दुःख येथील मुलाला ओळखीचे वाटेल का? शेतकरी आत्महत्यांमुळे २००६ साली केंद्र सरकारने विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांसाठी विशेष योजना जाहीर केली, त्यांत वर्धा होता. येथील पंधरा वर्षांच्या मुलाला शरीरातील बदलांचे कोडे पडते, तसेच बापाच्या डोळ्यांतील काळजीचेही पडते. बारावीनंतर नागपूरच्या शिकवणीचे शुल्क कोठून आणायचे, बहिणीचे शिक्षण थांबवून लग्न लावून देणार का, बाप रात्री उशिरापर्यंत घरी का आला नाही, हे त्याचे प्रश्न आहेत.

शारदेचा प्रश्नही जुना झालेला नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१च्या फेरीनुसार महाराष्ट्रातील २० ते २४ वयोगटातील २१.९ टक्के स्त्रियांचे लग्न अठरा वर्षे पूर्ण होण्याआधीच झालेले होते. म्हणजे पाचांतील एकीहून अधिक! राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या नोंदींनुसार २०२२ साली देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. त्यांपैकी १,७६४ महाराष्ट्रातील होत्या आणि ही संख्या सर्व राज्यांत सर्वाधिक होती. संत आणि समाजसुधारकांचा वारसा सांगणाऱ्या राज्याला ही ओळख शोभते काय?

या मातीतील दुःखावर याच मातीतील नाटक उभे राहू शकते, हे वर्ध्याने दाखवून दिले आहे. श्याम पेठकर यांनी लिहिलेल्या आणि हरीश इथापे यांनी दिग्दर्शित केलेल्या 'तेरवं' या नाटकात आत्महत्याग्रस्त शेतकऱ्यांच्या पत्नीच रंगमंचावर उभ्या राहिल्या. त्यांच्यापैकी वैशाली येडे यांच्या हस्ते जानेवारी २०१९मध्ये यवतमाळच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे उद्घाटन झाले. तेराव्या दिवसाचा विधी हेच ज्याचे नाव, ते नाटक प्रेक्षकाला रडवून मोकळे करीत नाही. मेलेल्याविषयी हळहळून घरी जाण्याची सोय ते ठेवत नाही, कारण जगणारी बाई समोर उभी असते आणि उद्याही ती आपल्याच गावात भेटणार असते. विचारधारेचे चष्मे बाजूला ठेवून अशा प्रयोगाचे स्वागत केले पाहिजे. आता पुढचे पाऊल हवे. त्या आईच्या मागे उभ्या असलेल्या, मिसरूड फुटू लागलेल्या मुलाचे आणि दहावीतल्या मुलीचे नाटक हवे.

बंदी नको, बैठक हवी

म्हणून आरोळ्या थांबवाव्यात. पौगंडावस्थेवरचे नाटक आले की ते पालकांनी मुलांसोबत पाहावे. मुलाला एकट्याला पाठवू नये आणि त्याला वगळून एकट्यानेही पाहू नये. नाटक खोटे असेल, तर कोठे खोटे आहे ते मुलाला सांगावे. खरे असेल, तर आपले कोठे चुकले तेही कबूल करावे. बापाने एकदा "माझे चुकले" म्हटले, तर घराचा पाया डळमळत नाही, तो पक्का होतो.

कुटुंब प्रबोधनाचे काम करणाऱ्या कार्यकर्त्यांवर तर अधिक जबाबदारी आहे. कुटुंबाने आठवड्यातून एकदा एकत्र बसावे, असे आपण सांगतो. त्या बैठकीत देशाची चर्चा होते, सणवार होतात, पण वयात येणाऱ्या मुलाच्या मनातील प्रश्नाला तेथे जागा असते काय? संस्कार भारतीसारख्या संस्थेने १९८१पासून कलावंतांचे मोठे जाळे उभे केले आहे. गणेशोत्सवात, शाळेच्या स्नेहसंमेलनात, राज्य नाट्य स्पर्धेच्या केंद्रावर, आपल्या बाजूचे म्हणून जे नाटक सादर होते, त्यात शिवछत्रपती असतात आणि ते असलेच पाहिजेत. पण शिवरायांचे मावळे जेव्हा रायरेश्वरावर जमले असे आपण सांगतो, तेव्हा त्यांचे वय काय होते, त्यांना भीती वाटली होती का, कोणाशी ते बोलले होते, हे विचारणारे नाटक किती जणांनी केले?

आष्टीच्या शहीदांना दर वर्षी अभिवादन होते. शाळेची मुले रांगेत येतात, फुले वाहतात आणि परततात. त्या रांगेतल्या एखाद्या मुलाच्या मनात आज काय चालले आहे, हे त्याच दिवशी त्याच्या शेजारी बसून विचारणारा एक काका, एक मावशी प्रत्येक गावात उभी राहिली पाहिजे. तुकडोजी महाराजांनी खंजिरी वाजवली आणि ते निघून गेले, असे झाले नाही. भजन संपल्यावर ते गावात राहत, गावकऱ्यांशी बोलत, गाव झाडून घेत. भजनाचा परिणाम झाला तो या मागच्या कामामुळे. नाटकवाल्यांनी पडदा पाडून दिवे मालवले की त्यांचे काम संपते. आपले काम तेथून सुरू होते.